गार्सिया द ओर्ता : दप्तरात उरलेले घराणे

हिंदुस्थानातील औषधी वनस्पती, मसाले आणि रोग यांची चर्चा संवादरूपाने करणारा ‘कोलोकियुश’ हा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या मर्जीतला वैद्य होता आणि मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. आंब्यापासून पटकीपर्यंत अनेक विषयांवर मोकळेपणाने लिहिणाऱ्या या ग्रंथकाराने स्वतःच्या ज्यू कुळाविषयी मात्र अक्षरही लिहिले नाही.

या मौनाची कारणे आधीच्या पिढीत होती. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले तेव्हा त्याचे आईवडील पोर्तुगालमध्ये आले. परंतु १४९७ मध्ये तेथेही राजा मानुएलने ज्यूंवर सक्तीने बाप्तिस्मा लादला आणि अशा बाटवलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पिढ्यान्‌पिढ्या ‘नवख्रिस्ती’ म्हणून वेगळेच गणले जाऊ लागले. यांपैकी जे घरात गुपचूप शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, आणि उपवास पाळत, त्यांना हुडकण्यासाठी १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, अर्थात पाखंड्यांची चौकशी करणारे धर्मन्यायालय, स्थापन झाले. गार्सिया त्यापूर्वीच, १५३४ मध्ये, गोव्याकडे निघाला होता. लिस्बनमध्ये कैद भोगलेल्या बहिणी आईसह पुढे १५४९ मध्ये त्याच्याकडे आल्या. १५६० मध्ये मात्र हे न्यायालय गोव्यातही पोहोचले.

१५६८ मध्ये गार्सिया निधन पावला, तो प्रतिष्ठित ख्रिस्ती म्हणूनच. त्यानंतर बहीण कातारिना हिला पकडण्यात आले आणि १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले. पाखंडाचा खटला मेलेल्या माणसावरही चालू शकत असल्यामुळे १५८० मध्ये गार्सियाच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या गेल्या. एवढे होऊनही फिकाल्योच्या काउंटने १८८६ मध्ये लिहिलेल्या विस्तृत चरित्रात या शेवटाचा पत्ता नव्हता; तो लागला १९३४ मध्ये, आउगुस्तु द सिल्वा कार्वाल्यो यांनी लिस्बनच्या अभिलेखागारातील खटल्यांचे कागद उजेडात आणले तेव्हा. १८१२ मध्ये गोव्याचे धर्मन्यायालय बंद झाल्यावर त्याचे बहुतेक दप्तर नष्ट झाले, हे लक्षात घेतले तर लिस्बनला पोहोचलेल्या कागदांचे मोल कळते. कुटुंबाने जे जिवाच्या कराराने दडवले, ते त्याच्या छळकर्त्यांच्या कारकुनांनीच टिपून ठेवले, हा इतिहासातला कडवट योगायोग म्हणावा लागेल.

अर्थात हे कागद जपूनच वाचले पाहिजेत. गार्सियाच्या खाजगी श्रद्धेविषयी जे सांगितले जाते त्याचा मुख्य आधार कैदेत सापडलेल्या नातलगांच्या जबान्या हाच असून, धाकाखालचा माणूस मृताच्या माथी पुष्कळ मारू शकतो. म्हणूनच ‘कोलोकियुश’च्या प्रत्येक संवादात ज्यू संकेत शोधण्याची अलीकडची हौस पुराव्याच्या पुढे धावते, घराण्याचे मूळ, बहिणींची कैद आणि दोन्ही शिक्षा यांबाबत मात्र तसा संशय उरत नाही.