अपस्माराचा उगम शोधताना
मेंदूतील पेशींमध्ये अचानक उसळणाऱ्या अनियंत्रित विद्युतलहरींमुळे अपस्माराचा झटका अर्थात फिट येते. जगभरात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. अशा वेळी एमआरआय चाचणी मोलाची ठरते. स्मृतीशी निगडित 'हिप्पोकॅम्पस' हा भाग एका बाजूस आक्रसलेला दिसला आणि ईईजीतही झटक्याचा उगम तेथेच आढळला, तर शस्त्रक्रियेने झटके थांबण्याची शक्यता बरीच असते. भाषेचे केंद्र मेंदूच्या कोणत्या बाजूस आहे, हे फंक्शनल एमआरआयद्वारे आधी तपासता येते. मात्र एमआरआय निर्दोष आला म्हणजे अपस्मार नाही, असे समजू नये. निदानाचा मुख्य आधार झटक्याचे वर्णन हाच असतो. म्हणूनच प्रत्यक्ष झटका पाहणाऱ्या नातेवाइकाने डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.