धंद्याची राखण – लेखांक ४ : चोरी झाल्यावर कॅमेरा काय देतो?

चोरट्यांनी शटर उचकटून ऐवज लांबवला आणि जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही काढून नेला, अशी बातमी जिल्ह्याच्या पानावर वरचेवर येते. दुकानात आठ कॅमेरे असतात. ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ अशी पाटीही दर्शनी भागात असते. पण सगळं चित्रण ज्या पेटीत साठतं, ती गल्ल्याखालच्या फळीवर राउटरशेजारी उघडी पडलेली असते. सराईत चोर आधी तीच उचलतो.

मागच्या लेखांकात शटर, कुलपं आणि रात्रीचा राखणदार यांचा हिशेब झाला. या वेळी पाळी कॅमेऱ्यांची.

कॅमेऱ्यामुळे चोरी टळते का? थोडीफार टळते. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक एरिक पिझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरातल्या ४० वर्षांच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. सगळ्यात चांगला गुण आला तो वाहनतळांवर. मारामारी, हल्ले अशा गुन्ह्यांवर मात्र म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. डोकं भडकलेला माणूस वर कॅमेरा आहे का, ते बघत बसत नाही.

खरा उपयोग सुरू होतो तो गुन्हा घडून गेल्यावर. ब्रिटनच्या रेल्वे पोलिसांकडे २०११ ते २०१५ या काळात नोंदल्या गेलेल्या सुमारे अडीच लाख गुन्ह्यांचा अभ्यास संशोधक मॅथ्यू अॅश्बी यांनी केला. त्यातल्या ४५ टक्के प्रकरणांत चित्रण मिळालं, आणि जिथे मिळालं तिथे ६५ टक्के वेळा ते तपासाला उपयोगी पडलं. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण खजुराहोचं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या काही दुकानांवरचे आणि पेट्रोल पंपावरचे क्यूआर कोड रातोरात बदलले गेले. गिऱ्हाइकांनी दिलेले पैसे भलत्याच खात्यात जाऊ लागले, तेव्हा कोडवर कोड चिकटवणारे लोक सापडले ते कॅमेऱ्याच्या चित्रणात.

पण चित्रण असणं वेगळं आणि त्यात चेहरा ओळखू येणं वेगळं. याचं गणित अगदी सोपं आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची, तर चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. दुकानांत सर्रास दिसणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. भागाकार केला तर एवढ्या तपशिलाने टिपता येणारी रुंदी येते पावणेआठ मीटरहूनही कमी. लेन्स ९० अंशांची असेल, तर चेहरा ओळखू येण्याची हद्द कॅमेऱ्यापासून चार मीटरच्या आतच संपते. त्यापुढे दिसतो तो ‘निळ्या शर्टातला इसम’. त्यामुळे एकाच कॅमेऱ्यात अख्खं दुकान बसवण्याचा हव्यास अंगाशी येतो. एक कॅमेरा दारातून आत येणाऱ्याच्या चेहऱ्यावर, एक गल्ल्यावर आणि बाकीचे वावर टिपण्यासाठी, ही विभागणी कामाची.

दाराकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याची आणखी एक अडचण असते. भर दुपारी बाहेरच्या उन्हापुढे आत येणारा माणूस नुसती काळी आकृती दिसतो. असा उजेड-अंधार सांभाळणारी ‘डब्ल्यूडीआर’ सोय कॅमेऱ्यात आहे का, ते घेतानाच विचारावं. रात्री चित्र दिसावं म्हणून कॅमेरा अवरक्त प्रकाश सोडतो. त्याच्यापुढे किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि लेन्सपुढे जाळं विणतो. मग रात्रभर पडद्यावर फक्त पांढरी रेघ हलत राहते. महिन्यातून एकदा मऊ फडकं फिरवणं हा त्यावरचा बिनखर्चाचा इलाज.

दुसरा हिशेब साठवणुकीचा. सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी जागा खातो. असे आठ कॅमेरे असले, तर एक टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि जुन्यावर नवं चित्रण चढू लागतं. चित्रण जास्त दाबून साठवणारी एच.२६५ पद्धत वापरली, तर हे दिवस साधारण दुप्पट होतात. सराफाच्या पेढीत दागिने पाहण्याच्या बहाण्याने कुणी हातचलाखी केली, तर ती कळते स्टॉक मोजताना. तो महिन्याने मोजला जात असेल आणि चित्रण आठवडाभरच टिकत असेल, तर कॅमेरे असून नसल्यासारखे.

चित्रण कोर्टात टिकायचं, तर कागदही लागतो. या बाबतीतला महत्त्वाचा निकाल जालन्याच्या प्रकरणातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण त्या कोणत्या यंत्रातून कशा काढल्या हे सांगणारा कायदेशीर दाखला वारंवार मागूनही कुणी देईना. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवला आणि नियमही स्पष्ट केला: मूळ यंत्र हजर करा, नाहीतर प्रतीसोबत दाखला हवाच. सवलत मिळेल ती सगळे प्रयत्न करूनही दाखला न मिळालेल्याला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली या दाखल्याचा नमुनाच दिलेला आहे. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा ‘हॅश’, म्हणजे तिच्यावरून काढलेला सांकेतिक ठसा, नोंदवावा लागतो. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी हा हॅश बदलतो आणि छेडछाड उघडी पडते. तेव्हा व्हॉट्सअॅपवर क्लिप पाठवली की काम झालं, असं नाही.

कॅमेरा मालकावरही उलटू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिला रुग्णांचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचेही संशयित होते. बसवणाऱ्याने ठेवलेला ‘अॅडमिन’ छापाचा पासवर्ड तसाच राहू देणं म्हणजे चित्रण चोरणाऱ्या अशा लोकांना दार उघडून देणं. ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मॉडेलना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. खरेदीच्या वेळी त्याचं प्रमाणपत्र मागावं. आणि ट्रायल रूम, स्वच्छतागृह, नोकरांची कपडे बदलण्याची जागा इथे कॅमेरा नकोच. तिथे महिलांचं चोरून केलेलं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

वाचकांनी आज दुकान वाढवण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. दहा दिवसांपूर्वीचं चित्रण उघडून पाहावं. डीव्हीआरवरची वेळ मोबाइलशी ताडून घ्यावी. पासवर्ड बदलावा. आणि ती पेटी गल्ल्याखालून हलवून कुलुपाच्या कपाटात ठेवावी. हवा खेळेल एवढी फट मात्र राहू द्यावी. पुढच्या आठवड्यात दुकानाच्या विम्याविषयी.