ध्वनिमुद्रण नसलेला गळा

भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांचा आवाज आपण कधीच ऐकू शकणार नाही. ग्रामोफोन कंपनीचे लोक भारतात गाणी मुद्रित करायला आले १९०२ मध्ये. भाऊराव गेले फेब्रुवारी १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया राणीपाठोपाठ महिन्याच्या आत. म्हणजे मूळ डेटाच नाही!

बडोद्याचा हा तरुण १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत आला आणि ‘सौभद्रा’त सुभद्रा झाला. लोक लाडानं ‘भावड्या’ म्हणायचे. अण्णासाहेब १८८५ मध्ये वारले, पुढे मंडळी सांभाळणाऱ्यांत भाऊराव होतेच. देवलांशीही घट्ट नातं: त्यांच्या ‘मृच्छकटिका’त वसंतसेना, आणि ‘शारदे’त (१८९९) चक्क पुरुषपात्र, कोदंड.

आता संशोधकानं काय करायचं? आठवणी भरपूर आहेत, पण बहुतेक भक्तिभावानं लिहिलेल्या. मला छापील संहिता जास्त भरवशाची वाटते. पदावर राग, ताल, चाल दिलेली असते. कोणत्या पात्राला किती पदं, कोणत्या चाली, हे जालन्यात बसूनही मोजता येतं. त्यातून गळा नाही कळणार. त्या गळ्याकडून काय मागितलं जात होतं, ते मात्र कळेल.