घरातला जुना लॅपटॉप : किती दिवस सांभाळायचा?

मालेगाव-भिवंडीत साधा यंत्रमाग वर्षानुवर्षे चालतो. धोटा बदला, फणी बदला, माग पुन्हा कापड देऊ लागतो. आपल्या व्यापारी बांधवांना वाटते की लॅपटॉपचेही तसेच असावे. पण मागाला बाहेरच्या जगाशी कर्तव्य नसते, लॅपटॉपला असते. यंत्र शाबूत असूनही तो निकामी ठरू शकतो.

आमच्या घरातला लॅपटॉप २०१३ साली दुकानाच्या हिशेबासाठी घेतला. पुढे तो सर्वांचाच झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. दोन्ही कामे त्यानेच केली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, पण उधारीची सारी खाती त्यात होती. तीच पाहून आम्ही वसुलीचे फोन केले. दुपारी मुलीचे वर्ग, रात्री आमचा हिशेब, अशी पाळी ठरली होती.

दरम्यान जग पुढे सरकत होते. विंडोज ७ चा आधार कंपनीने १४ जानेवारी २०२० ला थांबवला. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर येणे बंद झाले. आम्ही विंडोज १० टाकून घेतले. त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ती पिढी २०१७ साली बाजारात आली. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत.

दुरुस्तीने काय साधते?

बरेच साधते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की सुस्त लॅपटॉप तरतरीत होतो. रॅम वाढवता येते. तारीख वारंवार मागे जात असेल तर बहुधा आतला लहान सेल संपलेला असतो. तो स्वस्त असतो, पण दुर्लक्ष केल्यास बिलावर चुकीची तारीख पडते आणि बँकेची साइटही उघडत नाही. बॅटरी फुगली तर मात्र लॅपटॉप वापरू नये, बॅटरीला टोचू नये आणि ती भंगारात टाकू नये.

सुरक्षेचे नवे अपडेट मात्र कोणत्याही कारागिराच्या हातात नाहीत. म्हणून आम्ही कामे वाटून टाकली. बँक, जीएसटी, पासवर्ड हे सारे नव्या यंत्रावर. जुना लॅपटॉप इंटरनेटशिवाय, फक्त जुनी खाती पाहण्यासाठी. मुलांच्या वाचनासाठी त्यावर लिनक्स मिंट फुकट घालता येते. पण टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, हे लक्षात ठेवावे.

हिशेब आधी, यंत्र नंतर

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ च्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाची कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. लॅपटॉप त्याआधीच बंद पडला तर कायदा ती सबब ऐकणार नाही. म्हणून टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवावा, एक दुकानात आणि एक घरी. वर्षातून एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

विकताना आणखी एक खबरदारी. फाइल नुसती पुसली तर ती परत काढता येते. ग्राहकांचे पत्ते, त्यांची देणी-घेणी ही आपल्याकडे अमानत आहे. जुनी डिस्क काढून घ्यावी किंवा जाणकाराकडून पूर्ण साफ करून घ्यावी, मगच लॅपटॉप द्यावा. अगदीच निकामी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावा.

बांधवांनी या आठवड्यात दोनच गोष्टी पाहाव्यात : आपल्या लॅपटॉपवर कोणते विंडोज आहे आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला. नवा घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवावे.