संमोहनाचा व्यवसाय आणि पूर्वजन्माचे खाते

घोडपदेवच्या आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एक तरुण माझ्याजवळ आला. बारावी झालेला, वडील नुकतेच नोकरीतून निवृत्त. "जयभीम काका, मला संमोहनतज्ज्ञ व्हायचंय," असे म्हणून त्याने एक छापील पत्रक पुढे केले. दोन दिवसांचा वर्ग, शेवटी सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र, फी पंचेचाळीस हजार. वडिलांच्या फंडातून पैसे काढायचे घरात जवळजवळ ठरले होते. पत्रकाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. माणसाला पूर्वजन्मात नेऊन या जन्मीच्या दुःखाचे कारण कसे शोधावे, हेही शिकवणार होते.

फीच्या आकड्यापेक्षा मला ती ओळ अधिक बोचली.

संमोहन हे थोतांड नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. हुगळीला १८४५ साली जेम्स एस्डेल नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरने त्या काळी मेस्मेरिझम म्हणत त्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून शस्त्रक्रिया केल्या. पुढे १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले आणि ती पद्धत मागे पडली. आज वेदना, भीती, चिंता यांवरील उपचारांना जोड म्हणून संमोहनाचा उपयोग होतो. यात माणूस झोपत नाही. त्याचे लक्ष एका ठिकाणी स्थिर होते आणि दिलेली सूचना मन लवकर स्वीकारते. महाराष्ट्रात प्रा. श्याम मानव यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करीत असतानाच स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. अंगात येणे म्हणजे देवी नव्हे, मनाचाच खेळ आहे, हे लोकांना पटवताना संमोहनाची माहिती फार उपयोगी पडते.

पण सूचना लवकर स्वीकारणारे मन खोटी आठवणही तितक्याच लवकर स्वीकारते. "तू मागच्या जन्मी कोण होतास?" असे विचारले की मन उत्तर रचते, आणि सांगणाऱ्याला ते खरेच वाटते. मग उपचारक सांगणार की तुझी बेकारी, तुझे आजारपण हे मागच्या जन्मीचे देणे आहे! ज्या खात्यात आमच्या वाडवडिलांच्या नावावर अस्पृश्यता लिहिली गेली, तेच खाते फी भरून पुन्हा उघडायचे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा नाही, असे दाखवून दिले आहे. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी त्याच्या घरी गेलो. सगळे ऐकून त्याची आई म्हणाली, "मग भाऊ, भगताला कोंबडं देण्यात आणि ह्यात फरक काय?" मी म्हटले, "भगत पावती देत नाही." मुलगा मात्र हसला नाही. त्याचा प्रश्न रास्त होता: मग खरा रस्ता कोणता?

रस्ता आहे, पण लांबचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहन ही मान्य उपचारपद्धती असल्याचे कळवले, मात्र योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच ती वापरावी असेही त्यात म्हटले आहे. म्हणून आधी मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., त्यानंतर रिहॅबिलिटेशन कौन्सिलने मान्य केलेले क्लिनिकल सायकॉलॉजीचे प्रशिक्षण आणि कौन्सिलची नोंदणी. संमोहन त्यानंतर शिकायचे. ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याला संमोहन देऊ नये, आधी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे, एवढे ओळखायलाही हे शिक्षण लागते. दोन दिवसांत ते येत नाही. आपल्याला तर केईएम, नायर, जे. जे. ही रुग्णालये जवळच आहेत, तेथे मनोविकार विभाग आहेत. तरी आपली माणसे आधी देवऋषीकडे जातात आणि वर्ष वाया घालवून मग केसपेपर काढतात. आपल्या वस्तीची भाषा जाणणारा मानसोपचारक तेथे बसला, तर अर्धे काम सोपे होईल.

पैशाचे म्हणाल, तर बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. फंडाला हात लावावा लागत नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाच-सात वर्षं जातील." मुलगा म्हणाला, "जाऊ द्या." येत्या शनिवारी, मला सुट्टी असल्याने, जातीचा व उत्पन्नाचा दाखला घेऊन तो अर्ज भरायला माझ्याकडे येणार आहे. उत्पन्नाचा दाखला अजून तहसील कचेरीतून मिळालेला नाही.