रिपोर्ट येईपर्यंत चपाती सोडू नका

मुलाचे वजन वाढत नाही, पोट फुगते, जुलाब थांबत नाहीत. किंवा घरातील गृहिणीचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येत नाही. अशा वेळी डॉक्टर सीलिअ‍ॅक रोगासाठी रक्ततपासणी सांगतात. अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, लॅबमध्ये रक्त देऊन आल्यावर रिपोर्टची वाट पाहणे जिवावर येते. मग घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "गव्हाचा संशय आहे ना? आजपासून चपाती बंद!" हेतू चांगला असला, तरी ही घाई नडते.

या रोगात गहू व जव यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजतात. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला. आपल्या देशात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत हा रोग अधिक आढळतो; पण चपाती आणि पाव आपल्याही रोजच्या खाण्यात आहेत.

रक्तात प्रामुख्याने टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे मोजतात. निरनिराळ्या लॅबचे आकडे वेगळे असतात. म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना न करता आपल्याच कागदावर छापलेली सामान्य मर्यादा पाहावी. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते. त्यांचा रिपोर्ट रोग असूनही 'निगेटिव्ह' येऊ शकतो. यासाठी एकूण आयजीए मोजले आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

'पॉझिटिव्ह' रिपोर्ट म्हणजेही अंतिम निदान नव्हे. मोठ्यांमध्ये सहसा दुर्बिणीने आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासतात. लहान मुलांत आकडा मर्यादेच्या दहापट वा अधिक असल्यास, दुसऱ्या नमुन्याची तपासणी करून तज्ज्ञ कधी कधी दुर्बिणीशिवायही निदान करतात. गहू आधीच सोडला, तर प्रतिपिंडे घटतात, अंकुर भरून येऊ लागतात आणि निदान अधांतरी राहते. मग जन्मभराचे पथ्य केवळ संशयावर पाळायचे का? म्हणून सर्व तपासण्या संपेपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवावा. त्रास फारच वाढला, तर आपल्या मनाने न ठरवता डॉक्टरांना भेटावे.

रोग निश्चित झाला, तर पथ्य आयुष्यभराचे असते. चवीपुरताही गहू चालत नाही. पण घाबरू नये. भात, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, वरी, साबुदाणा आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. मात्र गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेले पीठ टाळावे. बाजारातील हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, तेव्हा डबीवरील मजकूर वाचावा. आणि रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.