लस तीच, पण हात कोणाचा?

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८९६च्या अखेरीस जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकीन एका लहानशा जागेत प्लेगचे जंतू वाढवत होते. त्या सप्टेंबरातच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता. हाफकीन यांच्याकडे मांसाच्या पातळ रसावर तुपाचे थेंब तरंगत आणि त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती गुहेतल्या लवणस्तंभांसारख्या खाली लोंबत! मांसही विचार करून निवडलेलं होतं, बकऱ्याचं. गाय नको, डुक्कर नको. मग उष्णतेने जंतू मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

इतकं करूनही असंख्य लोकांनी दंड पुढे केला नाही. मला यात अडाणीपणा दिसत नाही. पुण्यात प्लेग आयुक्त रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते, आजाऱ्यांना आप्तांपासून तोडून नेत होते. मुंबईत आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले होते. तिथे माणसांचं तेल काढतात, अशा अफवा होत्या. ज्या सरकारचा शिपाई दार मोडतो, त्याच सरकारची सुई निर्धोक कशी मानायची? उलट, विशीही न ओलांडलेल्या इस्माइली धर्मगुरू आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा खोजा लोक पुढे आले. औषधात थेंबभरही फरक नव्हता.

भीतीला कधी खरं कारणही मिळतं. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवालमध्ये एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. दोष हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना निलंबित केलं गेलं. प्रत्यक्षात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. पण हाफकीन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

शंभर वर्षांनी पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांबाबत तसाच अविश्वास दिसला. मुलं नपुंसक होतील, अशी अफवा होती. पण त्यामागे एक रास्त प्रश्नही होता: गटार तुंबलंय, तापाला डॉक्टर मिळत नाही, मग हे दोनच थेंब सारखे दारात का येतात? उत्तर मिळालं ते गल्लीतल्या बायकांकडून, मौलवींकडून, आणि थेंबांबरोबर स्वच्छतेच्या व इतर लसींच्या गोष्टी बोलणाऱ्यांकडून. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा ठरला.

म्हणून नकार देणाऱ्याला मूर्ख म्हणणं मला चूक वाटतं. सक्तीने तर काही वेळा विरोधच पेटतो. १८८५ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये देवीच्या सक्तीच्या लसीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. मात्र जाणूनबुजून खोटं पसरवून पैसा कमावणाऱ्यांची गय नको. त्यांच्यात आणि बाळाला कवटाळून बसलेल्या घाबरलेल्या आईत फरक करायलाच हवा. तिला आशाताईंनी शेजारी बसून विचारावं, नेमकं काय ऐकलंस? इंजेक्शननंतर ताप येऊ शकतो, हे आधीच सांगावं. आणि खरोखर काही बिनसलं, तर चौकशी करून जे निघेल ते त्याच गावात, मुल्कोवालसारखी वर्षं न लावता, उघड सांगावं.